आज समोर खा

नाइटलाइफवाली गल्ली म्हटलं का तुमच्या डोळ्यासमोर काय येते ते मले मालूम आहे. लाल-निळे लाइट. छातीत धडधडणारं म्युझिक. दारात काळ्या टी-शर्टातला दांडगा माणूस, हात बांधून उभा. आत काचेचे गिलास अन् त्यात बरफ. येऊ द्या, अजून थोडं येऊ द्या डोळ्यासमोर, मी थांबतो.

झालं? आता पुसून टाका. मी वर्ध्याची गोष्ट सांगून राह्यलो. आमचा जिल्हा दारूबंदीचा. बंदी किती आहे अन् किती नाई याची चर्चा तुम्ही पानठेल्यावर करा, पण आमच्या गल्लीत गिलासात बरफ दिसला तं तो उसाच्या रसात असते. लाल लाइट आहे, तो चायनीजच्या गाडीचा. दांडगा माणूस बी आहे, तो साडीच्या दुकानाचा मालक. दुकान वाढवून बायको मार्केटातून कधी येते याची वाट पाह्यत राह्यते. अन् नाइट म्हणाल तं ती संध्याकाळी सहाले सुरू होते अन् दहाच्या आत आटोपते, काऊन का सगळ्याईले सकाळी उठून नळाचं पाणी भराचं असते.

तरी बी राजेहो, त्या तीन-चार घंट्यात त्या गल्लीत जे चालते, ते पाह्याले लोक पार समुद्रपूर तालुक्यातून येते. खोटं नाई सांगत. दिवसा ही गल्ली म्हणजे कापडाचे दुकानं, प्लास्टिकच्या बकेटा अन् सायकली. पण शटरं खाली आले का त्याईच्या पुढं गाड्या लागते. आलुबोंडा, कोथिंबिरीची सांभारवडी, पाणीपुरी, चायनीज, मटका कुल्फी. पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटाचा घस-घस आवाज सुरू होते. कुल्फीवाल्याची घंटी, चायनीजवाल्याचा कढईवर आपटणारा चमचा, स्कुटीवर बसल्या बसल्या पाणीपुरी खाणाऱ्या पोरी अन् "भैया, तिखट कमी" म्हणून डोळ्यातून पाणी काढणारे त्याईचे भाऊ. नवीन लग्न झालेलं जोडपं आलं तं त्याईले कोणी धक्का मारत नाई, बाकी सगळ्याईले धक्का आहे.

मी सेलूचा. वर्ध्याले बीकॉमले नाव टाकलं होतं अन् रोज एसटीनं येणं-जाणं करत होतो. कॉलेज अन् स्टँडच्या मधात ही गल्ली पडे. म्हणजे पडत नव्हती, थोडं वाकडं चालावं लागे, पण मी ते चालत होतो.

मले एकच कला येते. आवाज काढणं. शाळेत असताना हेडसरांचा खोकला काढून म्या मागच्या बाकावरची अख्खी टोळी पळवली होती. एसटीचा कंडक्टर, गिरणी, दोन शिट्ट्या देऊन तिसरी अर्धवट सोडणारा आमच्या घरचा कुकर, सगळे येते. घरी आई म्हणे, "एवढे आवाज काढते, एक पुस्तक मोठ्यानं वाचून दाखव म्हणलं का याचा गळा बसते."

तं या गल्लीत आवाजाच्या हिशोबानं राजे दोनच. दोघंही आलुबोंडेवाले. एकाची गाडी गल्लीच्या या बाजूले, दुसऱ्याची बरोबर समोर. दोघं सख्खे साडू, म्हणजे दोन बहिणी दोघाईले देलेल्या. इकडच्याले सारे काका म्हणत अन् समोरच्याले साडूभाऊ. काकाले मोठी बहीण, साडूभाऊले लहान.

या दोघाईचा रोजचा एक खेळ होता. संध्याकाळी कढई तापली का इकडून काका ओरडे, "या, गरम आलुबोंडा, तर्री अशी का कानातून धूर निंगन." समोरून लगेच साडूभाऊ, "कानातून धूर पाह्यजे असन तं तिकडं जा, पोट भराचं असन तं इकडं या." मंग काका, "पोट भराले त्याच्या बोंड्यात आलू कुठी हाये?" असं चालू राहे. लोक मधात उभे राहून खात अन् टेनिसच्या मॅचवानी माना इकडून तिकडं करत. यात एक नियम होता, कोणी ठरवलेला माहीत नाई. ज्याले उत्तर सुचणार नाई, त्यानं त्या दिवशी आपल्याच गिऱ्हाइकाले ओरडून सांगाचं, "आज समोर खा." साडूभाऊनं हे कितीकदा म्हटलं असन. काकानं एकदाही नाई. साऱ्या गल्लीले माहीत होतं का काका हारत नाई. काकाले तं ते लयच माहीत होतं.

मी काय करत होतो, तं काकाच्या गाडीमागं उभं राहून बोंडा खाता खाता काकाचा आवाज हळूच काढून पाह्यत होतो. त्याईचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा, अन् शेवटी एक ताण. तो ताण जमाले मले महिना लागला.

अन् मंग काकाचा गळा बसला. बसला म्हणजे असा बसला का कढईतलं तेल बोले पण काका बोलत नव्हते. डॉक्टरनं आत लाइट टाकून पाह्यलं अन् सांगतलं, आवाजाच्या पडद्यावर सूज आहे, गाठ आहे बारकी. पुन्हा तपासेपर्यंत एक शब्द बोलाचा नाई. कुजबुज बी नाई. ऐकलं तं गोळ्याईवर निघून जाईन. नाई ऐकलं तं ऑपरेशन, अन् त्याच्यानंतर हा आवाज राह्यते का नाई ते सांगता येत नाई.

हे मले तेव्हा मालूम नव्हतं. मले एवढंच दिसलं का काका आज मुके आहेत अन् काकी बाजूले बसून मिरच्या तळून राह्यल्या. मले वाटलं नवरा-बायकोचं भांडण झालं असन. म्हणून गंमत म्हणून म्या मागून काकाच्या आवाजात म्हटलं, "अवं, बेसनात मीठ कमी पडलं, आण बरं."

काकीच्या हातातला झारा खाली पडला. त्या काकाकडं वळल्या अन् जे सुरू झाल्या.

"बोलले न तुम्ही? डॉक्टर काय बोलला होता? हातानं दाखवता येत नव्हतं का मीठ? मिठासाठी आवाज घालवता? उद्या मुके झाले तं कोणाले बोलावणार हाय मीठ मागाले?"

काका बिचारे दोन्ही हात हालवून नाई नाई करून राह्यले, तोंडाकडं बोट, मंग माह्याकडं बोट. काकीनं मागं पाह्यलं. माह्या तोंडात बोंडा होता. मले वाटलं आता तोच झारा डोक्यात बसते. पण काकी जवळ आल्या अन् म्हणाल्या, "पुन्हा काढ बरं तो आवाज."

म्या काढला.

काकीनं डोळे मिटून ऐकला. मंग काकाकडं पाह्यलं, मंग समोरच्या गाडीकडं पाह्यलं. म्हणाल्या, "रोज सहाले येजो. गाडीमागं बसजो. बोलाचं तू, तोंड हालवतीन ते. हा माणूस घरी बसवला तं भिंतीसंग बोलते, अन् इथी गप उभा राह्यला तं समोरच्यानं एक टोमणा मारला का याच्या तोंडातून निंगनच. तुहा आवाज सुरू राह्यला तं हा गप राहीन. समजलं? त्याचा गळा आता तुह्या हातात हाये."

आजवर कोणी माह्या हातात काही देलं नव्हतं. घरी तं दुधाची पिशवी आणाले बी लहान बहिणीले पाठवत.

मी तेलाच्या रिकाम्या पिप्यावर, गाडीच्या मागच्या ताडपत्रीआड बसलो. पुढं काका कढईपाशी. इशारे ठरले. काकानं झारा कढईवर एकदा वाजवला तं होय, दोनदा वाजवला तं नाई, अन् झारा मागं माह्या डोक्यावर वाजला तं गप बस. शेवटचा इशारा ठरला नव्हता, तो आपोआप झाला.

पयल्या दिवशी सहाले कढई तापली. म्या ओरडलो, "या, गरम आलुबोंडा." समोरून साडूभाऊ लगेच, "कालचे हायेत का आजचे?" म्या म्हटलं, "कालचे तुह्या गाडीवर गेले, उधार मागून नेले होते तू." लोक हासले. काकानं झारा एकदा वाजवला. मंग माहा जीव भांड्यात पडला.

अडचण अशी होती का काकाले नुसते ओठ हालवाची सवय नव्हती. मी इकडं लांबलचक वाक्य टाकून राह्यलो अन् काका तिकडं घाम पुसून राह्यले, तोंड बंद. एका पोरीनं मैत्रिणीले विचारलं बी, "अवं, हा पोटातून बोलते का काय?" मंग काकीनं युक्ती काढली, काकाच्या तोंडाले पांढरा दुपट्टा गुंडाळला. धूर लागते म्हणे. त्याच्यानंतर मले मैदान मोकळं झालं.

अन् मैदान मोकळं झालं का माह्यासारखा माणूस काय करते? काकाचा आवाज हळूहळू असं काही बोलाले लागला जे काका जन्मात बोलले नव्हते. कॉलेजच्या पोट्ट्याईले "या साहेब". पुलगाव-नाचणगावच्या गिऱ्हाइकाले "पाव्हणे, एक जास्तीची मिरची घ्या, दूर जाचं हाये तुम्हाले." एकदा तं म्या सगळ्या गल्लीले ऐकू जाईन असं म्हटलं, "बोंडा माह्या हातचा, पण चव आमच्या मंडळीची. ती नसती तं मी आजही नुसते आलू उकडत बसलो असतो."

चार-पाच बायाईनं काकीकडं पाह्यलं. काकीले मालूम होतं आवाज कोणाचा आहे, तरी त्याईनं पदर सारखा केला अन् तळलेल्याच मिरच्या पुन्हा तळल्या. काकाचा झारा माह्या डोक्यावर वाजला. पण हळू.

असे दिवस गेले. गोळ्या सुरू होत्या. काका खरंच गप होते. घरी बी गप, काकी सांगे, "झोपेत बोलाची सवय हाये त्याईले, म्हणून मी जागी राह्यतो." काकीचे डोळे लाल दिसत तेव्हा मले थोडं आठवे का हे काही नुसतं टाइमपास नाई. मंग गर्दी जमे अन् मी पुन्हा विसरून जाये.

डॉक्टरकडं तपासाले जाचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. लग्नसराई होती, गल्ली भरलेली. लोक शॉपिंगच्या थैल्या गळ्यात अडकवून खाऊन राह्यले. सवाल-जवाब जोरात. अन् काकाले लागली तहान. मी इकडून ओरडून राह्यलो, "अरे साडू, तुही तर्री पाहून लोक विचारते, आंघोळीचं पाणी का?" अन् त्याच वक्ताले काकानं दुपट्टा खाली घेऊन तांब्या तोंडाले लावला. गटगट पाणी पिऊन राह्यले अन् त्याईचा आवाज गल्लीभर.

लोकाईचं लक्ष नव्हतं. साडूभाऊचं होतं.

त्यानं गॅस बारीक केला. हात पुसले. गाडीच्या पुढं येऊन उभा राह्यला अन् एकदम गोड आवाजात म्हणाला, "साडू, आज टोमणे नको. एकच साधा सवाल इचारतो. सांगतलं तं मी समोर खा म्हणतो, नाई सांगतलं तं तू म्हण."

म्या म्हटलं, "इचार न बे."

"माह्या लग्नात तू काऊन रुसला होता?"

आता हे मले काय मालूम. त्याचं लग्न झालं तेव्हा माह्या बापाचं बी झालं नव्हतं. म्या ताडपत्रीच्या फटीतून काकाकडं पाह्यलं. काका माह्याकडं वळले अन् हातवारे करू लागले. आधी डोक्यावर हात ठेवला. मंग दोन बोटं जवळ आणून बारीक बारीक असं दाखवलं. मंग पुन्हा डोक्यावर थापट्या.

म्या अंदाजानं ओरडलो, "डोकं दुखत होतं, थोडं थोडं."

"नाई," साडूभाऊ म्हणाला. लोक हासले.

काकाचे डोळे मोठे झाले. पुन्हा डोकं, पुन्हा बारीक, अन् या वेळी एक लहान लेकरू दाखवलं, गुडघ्याएवढं.

"डोक्यावर लेकरू बसलं होतं."

अख्खी गल्ली हासली. कुल्फीवाल्यानं घंटी वाजवली. साडूभाऊ प्लेटवर चमचा वाजवून राह्यला, टण, टण, टण, अन् लोक त्याच्यासंग, "समोर खा, समोर खा." काकी माह्याकडं पाहून मान हालवून राह्यल्या, त्याचा अर्थ मले अजून कळला नाई, म्हण का नको म्हणू. मले एकच समजत होतं. नियम आहे. उत्तर नाई आलं तं म्हणावं लागते. अन् काका तं बोलू शकत नाई, म्हणजे म्हणाचं मलेच आहे.

म्या काकाच्या आवाजात, त्या शेवटच्या ताणासकट, सुरू केलं, "आज समोर..."

"आहेरात मले लेकराची टोपी देली होती सासऱ्यानं. टाळूवर बी बसत नव्हती. मोठा जावई मी, अन् चार घंटे टोपी हातानं धरून बसलो मांडवात."

हे मी नाई बोललो. हे काका बोलले. दुपट्टा गळ्यात, झारा वर, आवाज तोच, खड्याचा. अन् माहं "खा" अजून हवेतच होतं. म्हणजे साऱ्या गल्लीनं एकाच माणसाचे दोन आवाज एकाच वेळी ऐकले, एक हारताना अन् एक जिंकताना.

मंग चायनीजवाल्याचा चमचा बी थांबला. कोणीतरी ताडपत्री बाजूले सारली अन् मी पिप्यावर बसलेला साऱ्याईले दिसलो. कोणी हासणार होतं, तेवढ्यात काकानं गळ्याले हात लावला. चेहरा पडला. त्याईनं काकीकडं पाह्यलं, असं का दुधाचं पातेलं हातून सांडलं असावं.

काकीनं कढईखालचा गॅस बंद केला.

साडूभाऊ कढई तशीच सोडून रस्ता ओलांडून आला. "गळ्याचं काय हाये?" त्यानं इचारलं. काकीनं सांगतलं. गाठ, गोळ्या, ऑपरेशन, सारं. साडूभाऊचं तोंड पाह्यासारखं झालं. म्हणाला, "अन् मले काऊन नाई सांगतलं? मी चार दिवस काही इचारलंच नसतं. मी तं पोट्ट्याले पकडत होतो, याले नाई." मंग तो पानठेल्यावर धावला, जेष्ठमध घेऊन आला, एक तुकडा काकाच्या तोंडात घातला अन् वरून बोट दाखवून म्हणाला, "चावाचं नाई. चघळाचं. अन् बोलला तं याद राख." मंग आपल्या गाडीपाशी जाऊन ओरडला, "आज कोणीच कुठी खाऊ नका, घरी जा."

लोक काही गेले नाई. पण हळू आवाजात खाल्लं सगळ्याईनं, दवाखान्यात खाते तसं.

मी शेवटच्या एसटीनं सेलूले गेलो. त्या रस्त्यानं म्या एकही आवाज काढला नाई. कंडक्टरनं दोनदा पाह्यलं माह्याकडं, तब्येत बरी आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी क्लास सोडून सकाळीच दवाखान्यात गेलो. बाकावर काका, काकी, साडूभाऊ अन् साडूभाऊची बायको, चौघं ओळीनं. कोणी मले बस म्हटलं नाई, मी उभा राह्यलो. काकाचा नंबर आला. दार बंद झालं. साडूभाऊ नखं खाऊन राह्यला होता.

दार उघडलं तं पयले काका बाहेर आले अन् त्याईचं तोंड असं होतं का काहीच समजे ना. मागून डॉक्टर आले. म्हणाले, सूज उतरली, गाठ गेली. कालच्या ओरडण्यानं काही झालं नाई, पण होऊ शकत होतं, त्यामुळं अजून आठ दिवस हळू बोला, ओरडाचं नाई.

साडूभाऊनं काकाचा खांदा दाबला. काका घसा खाकरून, एकदम हळू, कानात सांगितल्यासारखं म्हणाले, "टोपी लहानच होती."

मले हासू आलं. तेच चुकलं. काकी दवाखान्याच्या पायरीवर थांबल्या, पदर खोचला, अन् आदल्या रात्रीपासून जमा केलेलं सारं बाहेर काढलं.

"हासते? हास. तुले मी बोलाले बसवलं होतं का हाराले बसवलं होतं? त्यानं इशारे केले, डोकं दाखवलं, बारीक दाखवलं, लेकरू दाखवलं, अन् तुले टोपी नाई सुचली? कॉलेजात काय शिकवते तुले? अन् नाई सुचली तं खोकला काढाचा, चक्कर येऊन पडाचं, गाडीले लाथ मारून कढई सांडाची, मी काही बोलली नसती. पण 'समोर खा' म्हणते. त्याच्या कानाजवळ. ते ऐकून तो माणूस गप राहीन का? मेला तरी उठून बोलन तो. त्याचा आवाज गेला असता तं तू भरून देला असता? कशानं? तुहा आवाज कोणता हाये तेच मले अजून मालूम नाई. आला तेव्हापासून आमच्याच घरचा आवाज काढून राह्यला. एकदा सोताच्या आवाजात माफी माग बरं. माग."

म्या म्हटलं, "चुकलं, काकी."

"हा तुहा? एवढाच?" काकीनं साऱ्याईकडं पाह्यलं. "अन् एवढ्याशा आवाजाच्या भरोशावर म्या नवरा ठेवला होता. जाऊ दे, तो नको काढू, लोकाईले कीव येईन. अजून आठ दिवस त्याचाच काढाचा हाये. सहाले येजो. सहा म्हणजे सहा, सव्वासहा नाई. अन् घरून जेवून येजो, मी पाह्यत नाई असं समजू नको, बोलता बोलता मागच्या मागं किती बोंडे खाल्ले तू इतक्या दिवसात ते."